चेंबरमध्ये पास, वाळवंटात नापास: लष्करी रुग्णवाहिकेच्या थंडाव्याची चाचणी नेमकी कशाची घ्यायची?

प्रश्न: आम्ही चाकणला रुग्णवाहिकांच्या बॉड्या बांधतो. सैन्यासाठी चार स्ट्रेचरच्या गाडीचा नमुना तयार केला. क्लायमॅटिक चेंबरमध्ये बाहेर ४९ अंश असताना पंचवीस मिनिटांत आतली हवा २६ अंशांवर आली. राजस्थानातल्या ट्रायलमध्ये मात्र दुपारी एसी वारंवार ट्रिप झाला आणि वैद्यकीय पथकाने 'वरच्या स्ट्रेचरवर माणूस ठेवता येत नाही' असा शेरा दिला. मोठा कॉम्प्रेसर बसवावा का? आणि आमची चाचणी कुठे कमी पडली?

उत्तर: मोठ्या कॉम्प्रेसरची ऑर्डर एवढ्यात देऊ नका. दुपारी एसी ट्रिप होणं आणि वरच्या स्ट्रेचरवर राहवत नसणं या दोन तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत, आणि कॉम्प्रेसर वाढवल्याने पहिली तक्रार बहुधा आणखी बळावेल. वाहनांच्या उन्हाळी चाचण्यांमध्ये माझी नोकरीतली बरीच वर्षं गेली, काही नगरच्या ट्रॅकवर, काही राजस्थानातल्या रेंजवर. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: आपण चाचणी एसीची घेतो, रुग्णाची घेत नाही. ग्रिलमधून किती थंड हवा येते ते मोजतो. पण स्ट्रेचरवर पडलेल्या जवानाच्या छातीपाशी किती गरम आहे, त्याच्यावर वाकून सलाईन लावणाऱ्या नर्सिंग असिस्टंटच्या डोळ्यांत घाम उतरतोय का, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आधी चेंबरचं बघू. ४९ अंश हा आकडा अमेरिकेच्या मिल-एसटीडी-८१० आणि नाटोच्या मानकांमधल्या 'ए-१' म्हणजे अतिउष्ण कोरड्या वर्गातला. या वर्गात चोवीस तासांत तापमान ३२ ते ४९ अंशांमध्ये चढतं-उतरतं, आणि त्याच्या जोडीला दुपारचं ऊन चौरस मीटरला ११२० वॅट धरलेलं असतं. उन्हात बंद ठेवलेल्या सामानासाठी तर ७१ अंशांपर्यंतचं चक्र आहे. यात अतिशयोक्ती काही नाही. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली आहे, आणि तीही हवामान खात्याच्या पद्धतीने, म्हणजे सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरवर. तुमची गाडी त्या पेटीत उभी राहणार नाही.

तुमच्या चेंबरमध्ये ४९ अंश नक्की होते, पण ११२० वॅटचं ऊन होतं का? सोलर दिव्यांची छत असलेले चेंबर महाग असतात आणि बरेच जण साध्या हॉट चेंबरवर भागवतात. तसं असेल तर तुमच्या गाडीचं छत त्या दिवशी फार तर ४९ अंशांना होतं. मे महिन्यात पोखरण किंवा महाजन रेंजवर ऑलिव्ह ग्रीन रंगाचं पत्र्याचं छत ७५ अंशांच्या पुढे जातं, हात टेकवत नाही. गडद हिरवा रंग अंगावर पडलेल्या उन्हातला बहुतेक भाग पिऊन टाकतो, तर पांढरा रंग बराचसा परत फेकतो. नागरी रुग्णवाहिका पांढरी असते, लष्करी बहुधा नसते, आणि उष्णतेच्या हिशेबात हा फरक लहान नाही. चेंबरमध्ये आणखी एक सोय नकळत मिळते. तिथले पंखे हवा सतत फिरवत असतात, त्यामुळे कंडेन्सरला, म्हणजे केबिनमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या एसीच्या जाळीला, ताजी, एकसारख्या तापमानाची हवा आयती मिळत राहते. वाळवंटात ती मिळत नाही.

आता त्या पंचवीस मिनिटांकडे वळू, कारण सगळ्यात मोठी फसगत त्यात आहे. चार स्ट्रेचरच्या केबिनचं आतलं आकारमान अंदाजे १० घनमीटर. त्यात हवा भरते जेमतेम १० किलो. ती ६५ अंशांवरून २७ अंशांवर आणायला सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पण त्याच केबिनमध्ये आतले पत्रे, प्लायवूडची जमीन, स्ट्रेचरच्या फ्रेम, गाद्या, कपाटं, ऑक्सिजन सिलिंडर मिळून ४०० किलो वजन आहे असं धरा. ते तेवढंच थंड करायला ७,६०० किलोज्यूल लागतात. म्हणजे एकोणीसपट. एसी केबिनमधून ५ किलोवॅट उष्णता ओढत असेल, तर नुसत्या हवेला दीड मिनिटसुद्धा लागत नाही. सामानाला पंचवीस मिनिटं लागतात, तीही बाहेरून नवी धग येत नसेल तर. म्हणून केबिनच्या मधोमध लोंबकळणारं थर्मोकपल २६ दाखवत असतं तेव्हा भिंती ४५ वर असू शकतात. गॅस बंद केला तरी तवा बराच वेळ पोळत राहतो, त्यातला प्रकार. तुमच्या चेंबरमध्ये गाडी आदल्या रात्रीपासून बंद दारांनी तापवली होती, की सकाळी आत नेऊन दोन तासांत चाचणी उरकली, हे रिपोर्टमध्ये तपासा. सामानाच्या गाभ्यापर्यंत उष्णता मुरलेली नसेल तर त्या पंचवीस मिनिटांना काही अर्थ उरत नाही.

भिंतींची धग हवेच्या थर्मामीटरला दिसत नाही, माणसाच्या कातडीला मात्र लगेच कळते. त्यासाठी काळा गोलक वापरा: १५० मिलीमीटर व्यासाचा, काळा मॅट रंग दिलेला तांब्याचा पोकळ गोळा, त्याच्या मध्यभागी थर्मामीटर. त्याच्याबरोबर ओल्या कापडाचा थर्मामीटर लावला की वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर, म्हणजे हवा, धग आणि दमटपणा मिळून माणसाला किती उष्णता सोसावी लागते त्याचा एकच आकडा, काढता येतं. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन रिक्रूटांना उष्माघात होऊ लागला तेव्हा त्यांच्यासाठी बसवली गेली. बाहेर उन्हात तिचं सूत्र ओल्या बल्बला ०.७, गोलकाला ०.२ आणि साध्या थर्मामीटरला ०.१ असं वजन देतं. गाडीच्या आत, ऊन थेट पडत नसताना, ओल्या बल्बला ०.७ आणि गोलकाला ०.३. म्हणजे आतल्या बाजूला कोरड्या हवेच्या तापमानाला या सूत्रात स्वतंत्र जागाच नाही, आणि आपले बहुतेक रिपोर्ट नेमकं तेवढंच छापतात.

वरच्या स्ट्रेचरचं कोडं इथे सुटतं. वर झोपलेल्या माणसाचं नाक छताच्या आतल्या पत्र्यापासून दीड-दोन वीत अंतरावर असतं. पत्रा तापलेला असेल तर तो त्या माणसाला सरळ तोंडावर भाजतो, हवा कितीही गार असो. त्यात गरम हवा वर जाऊन छताखाली साचते. डक्ट छताच्या मधोमध आणि ग्रिल खाली तोंड करून असतील, तर थंड हवा मधल्या वाटेत उभ्या असलेल्या अटेंडंटच्या डोक्यावर पडते, दोन्ही बाजूंचे वरचे स्ट्रेचर कोरडेच राहतात. एका ट्रायलमध्ये आम्ही चारही स्ट्रेचरवर डोकं, छाती आणि पाय अशा तीन-तीन जागी थर्मोकपल लावली होती. खालच्या स्ट्रेचरवर पायाशी ग्रिलची हवा थेट लागत होती, तिथे २१ अंश. त्याच क्षणी वरच्या स्ट्रेचरवर डोक्याशी ३४. सगळ्यांची सरासरी काढली तर गाडी अगदी व्यवस्थित पास! म्हणून माझा आग्रह असतो की स्वीकाराची अट सरासरीवर ठेवूच नये. सगळ्यात वाईट जागेवर ठेवावी, आणि दोन जागांमधल्या फरकावरही मर्यादा असावी.

उपाय कॉम्प्रेसरमध्ये नाही, छतात आहे. छताच्या पॅनलमध्ये २५ मिलीमीटर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) असेल तर ५० करा, आणि मुख्य म्हणजे पफच्या आरपार जाणारे लोखंडी बो, म्हणजे छताच्या आडव्या कमानी, आणि रिव्हेट तोडा. उष्णता त्यांच्यातून पाण्यासारखी वाहते. पॅनल उघडून थर्मल कॅमेऱ्याने बघा, प्रत्येक बो पट्ट्यासारखा उजळलेला दिसेल. त्याहून सोपी आणि जुनी युक्ती म्हणजे दुहेरी छत. उष्ण प्रदेशांसाठीच्या जुन्या लँड रोव्हरवर मुख्य छताच्या वर थोडी फट सोडून दुसरा पत्रा असायचा. ऊन तो झेलतो, मधून हवा खेळते आणि खालचं छत सावलीत राहतं. वीज लागत नाही, बिघडायला काही नाही. हल्ली लोक हे विसरलेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ट्रिप होण्याबद्दल. तुमचा कंडेन्सर छतावर आहे असं मी धरतो, कारण चार स्ट्रेचरच्या गाड्यांत तो बहुधा तिथेच असतो. एसीत आर-१३४ए गॅस असेल, तर कंडेन्सरमध्ये तो ७० अंशांना द्रवरूप होताना दाब साधारण २१ बार असतो, ८० अंशांना २६ बारच्या वर. हाय-प्रेशर कट, म्हणजे दाब फार चढला की एसी आपोआप बंद करणारा स्विच, बहुतेक गाड्यांत २७ ते ३० बारच्या आसपास लावलेला असतो. हवामान खात्याचा थर्मामीटर ४७ दाखवत असताना तापलेल्या छताला घासून आलेली हवा ५५ च्या पुढे असते. त्यावर गॅसला १५ ते २० अंशांची चढण लागते. इथपर्यंत गाडी कशीबशी तगते. मग वारा पडतो, किंवा मागून वाहू लागतो, आणि कंडेन्सरने बाहेर टाकलेली गरम हवाच फिरून त्याच्या तोंडाशी येते. आणखी दहा अंश वाढले की कट पडलाच. आता मोठा कॉम्प्रेसर बसवला तर काय होईल? कंडेन्सरला केबिनमधून आलेली उष्णता आणि कॉम्प्रेसरने खर्चलेली शक्ती, दोन्हींची बेरीज बाहेर टाकावी लागते. कॉम्प्रेसर वाढला की बेरीज वाढते, कंडेन्सर तेवढाच राहतो, दाब आणखी चढतो. जो कट दुपारी दोनला पडायचा तो बाराला पडू लागेल.

पैसा कंडेन्सरवर खर्च करा. त्याचं क्षेत्रफळ वाढवा, छतापासून तो उचलून घ्या आणि चहूबाजूंच्या फटी रबराने बंद करा, म्हणजे पंख्याला गरम हवा मागच्या दाराने परत ओढता येणार नाही. दाब चढलाच तर एसी धाडकन बंद पडण्याऐवजी कॉम्प्रेसरचा भार हळूहळू कमी होईल असं नियंत्रण बघा. रुग्णवाहिकेत अर्धा थंडावा चालतो, काहीच थंडावा नसणं चालत नाही.

ट्रिपचं दुसरं एक कारण असतं आणि ते फार उशिरा सापडतं, म्हणून सविस्तर सांगतो. रुग्णवाहिका धावते कमी, थांबते जास्त. रेजिमेंटल एड पोस्टच्या, म्हणजे पलटणीच्या आघाडीजवळच्या प्रथमोपचार केंद्राच्या, मागे झुडपांच्या जाळीत ती इंजिन आयडलवर ठेवून उभी असते. आयडलला कॉम्प्रेसर मंद फिरतो, त्यामुळे थंडावा आधीच घटलेला असतो. त्याच वेळी अल्टरनेटरही कमी करंट देतो. एसीचे ब्लोअर, कंडेन्सरचे पंखे, सक्शन पंप, व्हेंटिलेटर, औषधांचा फ्रिज, दिवे या सगळ्यांची मागणी मात्र तेवढीच राहते, आणि फरक बॅटरी भरून काढते. २४ व्होल्टच्या गाडीत कंडेन्सरच्या पंख्याच्या टर्मिनलवर लॉगर लावून ठेवा. इंजिन जोरात असताना २७-२८ व्होल्ट दिसतील. आयडलवर अर्ध्या-पाऊण तासात ते २४ कडे उतरतात, मग त्याखालीही. पंखा मंदावतो, त्या मागोमाग गॅसच्या दाबाची रेषा वर चढते आणि कट पडतो. मेकॅनिक येतो तेव्हा सगळं गार झालेलं असतं, तो गॅस भरून जातो. पुढच्या दुपारी पुन्हा तेच, आणि आता जास्त गॅस भरल्यामुळे आणखी लवकर. माझा अंदाज आहे की तुमच्या 'वारंवार ट्रिप'मध्ये याचा वाटा असणार. व्होल्टेज आणि दाब एकाच कागदावर, एकाच वेळेच्या अक्षावर काढा. एसी चालू असताना आयडल अकराशे-बाराशे आरपीएमवर धरणारी जोडणी आणि आयडलला पुरेसा करंट देणारा अल्टरनेटर, एवढ्याने बरंच काम होतं.

याच्या उलट टोकाची स्थिती म्हणजे मऊ वाळूत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पाठीमागून वारा असताना चढण. इंजिन पूर्ण ताकदीवर, गाडीचा वेग माणसाच्या चालण्याएवढा, रेडिएटरला समोरून वारा शून्य. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असेल तर त्याची उष्णता सरळ इंजिनाच्या डोक्यावर येते आणि ड्रायव्हर इंजिन वाचवायला एसी बंद करतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण मागे झोपलेल्यांना ते कोणी सांगत नाही. ही स्थिती तुमच्या ट्रायल शेड्यूलमध्ये लेखी हवी, आणि ड्रायव्हरने एसी बंद केला की तीही नापासाची नोंद धरायला हवी.

धुळीबद्दल थोडक्यात. नवी कोरी गाडी तपासून उपयोग नाही. ताफ्यात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर फुफाट्यात चालवून आणा आणि न धुता चाचणी घ्या. कंडेन्सरच्या फिनमध्ये पिठासारखी धूळ बसलेली असते, तिच्यावर डिझेलचा तेलकट धूर बसला की ती ब्रशने निघत नाही. फिल्टर अंधारात, हातमोजे घालून, हत्याराशिवाय काढता-बसवता आला पाहिजे. केबिनमध्ये बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब थोडा जास्त ठेवा, नाहीतर मागच्या दाराच्या बीडिंगमधून वाळू थेट जखमेवर येते.

आता ज्यासाठी ही गाडी आहे त्याच्याकडे येतो. यातला वैद्यकीय भाग मी डॉक्टर म्हणून लिहीत नाही, आर्मी मेडिकल कोअरच्या अधिकाऱ्यांबरोबर ट्रायलवर काम करताना त्यांनी जे शिकवलं ते लिहितोय. इंजिनिअर मंडळींचा समज असतो की उष्ण प्रदेशातल्या रुग्णवाहिकेने रुग्णाला गार करायचं. हे अर्धंच खरं आहे, आणि दुसऱ्या अर्ध्यात माणूस दगावू शकतो. ज्याचं खूप रक्त गेलंय तो जवान ४५ अंशांच्या वाळवंटातही गार पडतो. शरीर स्वतःची ऊब राखू शकत नाही, कपडे कापलेले असतात, अंग घामाने आणि रक्ताने ओलं असतं. शरीराचं तापमान ३६ च्या खाली गेलं की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, रक्तस्राव वाढतो, त्याने तो आणखी गार पडतो. अशा माणसाच्या उघड्या पोटावर २१ अंशांच्या हवेचा झोत सोडणं म्हणजे त्याचं नुकसान करणं. मघाशी सांगितलेल्या ट्रायलमधली खालच्या स्ट्रेचरची ती पायाशी ग्रिल वैद्यकीय अधिकाऱ्याने सगळ्यात आधी बंद करायला लावली होती, आणि मला वाटतं त्या पूर्ण चाचणीतला तो सगळ्यात मोलाचा शेरा होता.

त्याच गाडीत शेजारच्या स्ट्रेचरवर उष्माघाताचा जवान असू शकतो. त्याचं तापमान ४० च्या वर, भान हरपलेलं. त्याला गार करायची घाई असते, पण एसी हे त्याचं औषध नाही. २५ अंशांच्या हवेत पडून राहिलेल्या ७० किलोच्या माणसाचं तापमान कोरड्या अंगाने एक अंश उतरायला, शरीराची स्वतःची उष्णता धरता, पाऊण तासाच्या आसपास जातो. थंड पाण्यात बुडवलं तर त्याच एका अंशाला पाचेक मिनिटं पुरतात. अंग ओलं करून पंखा मारण्याची पद्धत या दोन्हींच्या मधली. हज यात्रेकरूंसाठी मक्केत १९८० च्या दशकात याच तत्त्वावर शरीर गार करणारे खास पलंग वापरले गेले. म्हणून डॉक्टरांचा नियम असा की शक्य असेल तिथे आधी गार करा, मग हलवा. गाडीत नेताना ओला कपडा आणि पंखा चालू ठेवायचा असतो. हे तुमच्या चाचणीत आलं का? ओल्या अंगावरून तासाला एक लिटर पाणी उडालं तर केबिनमधल्या एसीवर जवळपास ७०० वॅटचा बोजा वाढतो. हवा दमट झाली की बाष्पीभवन मंदावतं आणि उपचारच कमी पडतो. एक्झॉस्ट फॅन लागतो, जमिनीला उतार आणि पाणी निघायला वाट लागते, सॉकेट पाण्यापासून वर लागतात. थोडक्यात, प्रत्येक स्ट्रेचरची हवा वेगळी कमी-जास्त करता आली पाहिजे, आणि चाचणी एका बाजूला पांघरुणात गुंडाळलेला व दुसऱ्या बाजूला ओला रुग्ण अशी जोडीने घेतली पाहिजे.

या विषयाची किंमत आपल्या लोकांनी फार पूर्वी मोजली आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना नदीकाठापर्यंत नेलं गेलं ते स्प्रिंग नसलेल्या, सामान वाहायच्या गाड्यांमधून. वैद्यकीय व्यवस्थेचे असे हाल झाले की ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १९१७ मध्ये आला. प्रसिद्ध शल्यविशारद सर व्हिक्टर हॉर्सली याच मोहिमेत जुलै १९१६ मध्ये अमारा इथे उष्माघाताने गेले. तिथे सैन्याने पुढे बर्फ आणि पंख्यांची सोय असलेली उष्माघात केंद्रं उभारली. थंडावा ही रुग्णवाहिकेतली चैन आहे असं बैठकीत कोणी म्हणालं की मला ही माणसं आठवतात.

एक इशारा कोरड्या उष्णतेच्या बाहेरचा. तुमची गाडी जैसलमेरला पास झाली म्हणजे कोकण किनाऱ्यावर, गोव्यात किंवा अंदमानात चालेल असं समजू नका. पाच माणसांसाठी तासाला १५० घनमीटर ताजी हवा आत घेतली असं धरा. जैसलमेरच्या ४९ अंशांच्या कोरड्या हवेतून ती २६ अंशांवर आणायला साधारण १ किलोवॅट लागतो. किनाऱ्यावर ३५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तीच हवा तेवढीच गार आणि सुसह्य कोरडी करायला २.३ किलोवॅट लागतो, कारण वाफेचं पाणी करण्यातच बहुतेक शक्ती जाते. १४ अंश कमी तापमानात ताज्या हवेचा बोजा दुपटीहून जास्त! शिवाय कॉइलवरून गळणारं पाणी खराब रस्त्यावर ट्रेमधून हिंदकळून वरच्या रुग्णावर पडतं की नाही, हे किनाऱ्यावरच कळतं. दमट चाचणी वेगळी घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर पुढची चाचणी अशी घेतली असती. गाडी सकाळपासून उन्हात, दारं-खिडक्या बंद, नाक दक्षिणेला, सावलीशिवाय. दुपारी दोनच्या सुमारास, सामान पूर्ण तापलेलं असताना, इंजिन सुरू करून आयडलवर एसी चालू. पंधरा मिनिटांनी मागचं दार पूर्ण उघडायचं आणि खरोखर चार स्ट्रेचर चढवायचे, घाई न करता, जखमींना चढवायला लागतो तेवढा वेळ घेऊन. दार उघडं असताना बाहेर गेलेल्या थंड हवेची फार चिंता करू नका, ती परत लवकर मिळते. भिंती किती सावरल्या ते बघा. मग ताफ्याच्या वेगाने कच्चा रस्ता, त्यानंतर वाळूतली चढण, मग पुन्हा आयडलवर लांब मुक्काम. हे सगळं मध्ये न थांबवता एका ओळीत, कारण युद्धात ते तसंच येतं. प्रत्येक स्ट्रेचरच्या डोक्या-छाती-पायाशी हवा, वरच्या दोन्ही स्ट्रेचरवर काळे गोलक, अटेंडंटच्या डोक्याच्या उंचीवर वेट बल्ब ग्लोब, कंडेन्सरच्या तोंडाशी येणारी हवा, गॅसचे दोन्ही दाब, पंख्याचं व्होल्टेज, इंजिनचं पाणी. औषधांच्या फ्रिजमध्येही एक थर्मोकपल, कारण २ ते ८ अंशांत राहायला हवी अशी काही औषधं भूल देताना लागतात आणि इंजिन बंद असतानाच ती खराब होतात. मॉनिटर आणि व्हेंटिलेटरसाठी जेएसएस ५५५५५ ची (लष्करी उपकरणं उष्णता, धूळ, हादरे सोसतात का हे तपासणाऱ्या आपल्या सैन्याच्या मानकाची) प्रमाणपत्रं पुरवठादाराकडून आधीच मागून ठेवा, ते काम ट्रायलवर ढकलू नका.

सुरुवातीच्या फेऱ्यांत स्ट्रेचरवर माणसं ठेवू नका. पाण्याने भरलेले जेरीकॅन आणि शंभर वॅटचा हीटर हा झोपलेल्या माणसाचा पुरेसा चांगला पर्याय आहे. आकडे सुरक्षित दिसले की मगच स्वयंसेवक जवान, तेही वैद्यकीय अधिकारी गाडीत असताना, प्रत्येकाच्या शरीराच्या तापमानावर नजर ठेवून. डॉक्टरने 'थांबवा' म्हटलं की चाचणी त्या क्षणी थांबली पाहिजे, आणि हा अधिकार त्याच्याकडे आहे हे ट्रायलच्या आदेशात लिहिलेलं असावं. सगळ्यात शेवटी, चालत्या गाडीत नर्सिंग असिस्टंटला पुतळ्याच्या हातात सुई लावायला सांगा, पट्टी बांधायला सांगा, मॉनिटर वाचायला सांगा, आणि तासाभराने पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी त्याला लागलेला वेळ आणि झालेल्या चुका लिहून ठेवा. थर्मोकपलच्या आकड्यांइतकंच वजन मी या नोंदीला देतो.

वेळेचं भान ठेवा. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा गेला की आर्द्रता वाढते, ढग येतात आणि कोरड्या उष्णतेची चाचणी वर्षभर लांबते. 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट' अटीवर, म्हणजे सैन्य चाचणीचा खर्च देणार नाही आणि खरेदीची हमीही देणार नाही अशा बोलीवर, गाडी नेली असेल तर तो खर्चही तुमचाच. तेव्हा कंडेन्सर आणि छताचं काम दिवाळीपर्यंत संपवा. मार्चमध्ये नगर किंवा पुण्याला आयडल आणि व्होल्टेजच्या फेऱ्या करा, त्यासाठी वाळवंट लागत नाही. एप्रिलच्या शेवटी चंद्रपूरला एक आठवडा गाडी नेता आली तर जरूर न्या, तिथलं ऊन रंगीत तालमीला पुरेसं आहे. दाब आणि व्होल्टेजचा तो एकत्र आलेख तयार झाला की पाठवा, कंडेन्सरचं माप ठरवायच्या आधी मला तो बघायचा आहे.